कोंबड्यांचं काय करणार, ते आधी ठरव

संगमेश्वर,
एप्रिलचा दुसरा आठवडा

चि. बाळ्यास,


अंडी उबवायला केलेल्या खोक्याचा फोटो पाहिला. काम नीट झालंय. झाकणाला काच बसवलीस हे फारच बरं केलंस. पोरगी दर पाच मिनिटांनी आत डोकावणार, आणि काच नसती तर तितक्या वेळा झाकण उघडलं गेलं असतं. तुला दोन गोष्टी सांगायच्यात. एक खोक्याबद्दल, जी तू विचारलीस. दुसरी तू विचारली नाहीस, पण माझ्या मते तीच आधी विचारायला हवी होतीस. व्हॉट्सॲपवर एवढं टाइप करायला माझी बोटं तयार नाहीत, म्हणून पत्र.

पहिलं म्हणजे मे महिन्यात यात अंडी ठेवू नकोस. सुट्टी आहे, पोरगी दिवसभर घरी आहे, सगळं खरं. पण अंड्याला लागतात ३७.५ अंश सेल्सिअस, आणि मेच्या दुपारी तुमच्या वरच्या मजल्यावरची बंद खोलीच ३६-३७ वर जाते. तू केलंयस ते गरम करणारं यंत्र. थंड करायची सोय त्यात नाही. आत पंखा लावलास की बल्ब बंद असला तरी त्याची मोटर थोडी ऊब देतेच, आणि दुसरा आठवडा उलटला की आतली वाढती पिल्लं स्वतःचीही उष्णता सोडायला लागतात. पारा ३९ च्या पुढे गेला की तुझ्या हातात काही राहत नाही. अंड्यातला जीव गारवा बराच सोसतो. वीज गेली, खोका तासा-दोन तासांत ३० पर्यंत उतरला, तर फार तर पिल्लं थोडी उशिरा निघतील. पण उष्मा त्याला सोसत नाही. ४१ अंशांवर थोडा वेळ राहिला तरी खेळ आटोपला.

शिवाय उन्हाळ्यात अंडीच चांगली मिळत नाहीत. कोंबडा उन्हाने सुस्तावतो आणि निम्मी अंडी बिनफळाची निघतात. जी फळलेली असतात ती टोपलीत पडल्या पडल्याच अर्धवट वाढायला लागतात, कारण साधारण २१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू जागा होतो. धड ऊब नाही आणि धड विश्रांतीही नाही, अशा वाढीतून काही निष्पन्न होत नाही. फ्रिजमध्ये ठेवलं तर तो गारवा जास्त होतो. आमच्याकडची खुडूक कोंबडीसुद्धा वैशाखात अंड्यांवर चोच उघडून धापा टाकत बसते. मी तिला तेव्हा बसवतच नाही.

तेव्हा दसऱ्यापर्यंत थांब. यामागे हवेखेरीज आणखी एक हिशेब आहे. दसरा ते पाडवा वीस-एकवीस दिवस असतात आणि अंड्यालाही एकवीसच दिवस लागतात. दसऱ्याला अंडी ठेवलीस की पाडव्याच्या आसपास पिल्लं. त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज, म्हणजे दादा माझ्याकडे येणारच. याचा उपयोग कसा करायचा ते पुढे सांगते.

आता खोका. तू शंभर वॅटचा एकच बल्ब कोपऱ्यात लावलायस, तो काढ. मोठा बल्ब पेटला की खोका भसकन तापतो, विझला की उतरतो, आणि पारा दिवसभर वर-खाली नाचत राहतो. चाळीस-चाळीसचे दोन लाव, वेगवेगळ्या बाजूंना. एक उडाला तर दुसरा निदान तू ऑफिसातून येईपर्यंत धीर धरेल. जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा आत बसव, नाहीतर बल्बजवळची अंडी शिजतील आणि पलीकडची गारठतील. पंखा असेल तर ३७.५ धर. पंख्याविना करणारे लोक अंड्यांच्या वरच्या पातळीवर मोजतात आणि एखादा अंश जास्त ठेवतात, पण तो आडमार्ग तुला घ्यायचं कारण नाही. थर्मोस्टॅट बाजारात सहज मिळतो. त्याची काडी बल्बसमोर लोंबत ठेवू नको, अंड्यांच्या उंचीवर मधोमध ठेव. बल्ब आणि पंखा दोन्हींपुढे जाळी हवी. पिल्लू बाहेर आलं की पहिलं काम म्हणजे जिथे जाऊ नये तिथे जातं.

थर्मोस्टॅटवर आकडा दिसतो म्हणून तो खरा मानू नको. एक अंशाचा खोटेपणा त्याला अगदी सहज जमतो, आणि इथे एका अंशावर सगळं अवलंबून आहे. घरातला तापाचा थर्मामीटर नेमका याच टापूत अचूक असतो. पेल्यात कोमट पाणी घे, थर्मामीटर आणि थर्मोस्टॅटची काडी दोन्ही त्यात बुडव, आणि दोघांचे आकडे ताडून बघ. फरक निघेल तेवढा लिहून खोक्यावर चिकटव. मगच पुढे जा. चोवीस तास खोका रिकामा चालवून, पारा स्थिर राहतो हे पाहिल्याशिवाय एकही अंडं आत जाता कामा नये.

इजिप्तमधले लोक हे सगळं थर्मामीटरविना करत, हे पोरीला सांग. मातीच्या विटांची भट्टीघरं बांधून एका वेळी हजारो अंडी उबवायची ही त्यांची विद्या फार जुनी. ॲरिस्टॉटलच्या लिखाणातही इजिप्तमध्ये कोंबडीविना अंडी उबवतात असा उल्लेख आहे. भट्टीवाला अंडं उचलून आपल्या पापणीला लावायचा आणि ऊब बरोबर आहे की नाही ते सांगायचा. रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने, ज्याच्या नावाचं तापमापन पूर्वी चालायचं, १७४९ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं आणि पॅरिसमध्ये शेणखताच्या उबेवर अंडी उबवून पाहिली. मी पापणीचा प्रयोग करते अधूनमधून, कोंबडी दाणे खायला उठली की. सदतीस की अडतीस हे काही मला सांगता येत नाही. अंडं सुखाचं आहे की नाही, एवढं कळतं.

दमटपणाची काळजी पुण्यात वेगळी, इथे वेगळी. पहिले अठरा दिवस पन्नास-पंचावन्न टक्के पुरे, शेवटचे तीन दिवस पासष्ट ते सत्तर. पाण्याची वाटी ठेवायची, पण खोल वाटीने काही होत नाही. पाण्याचा पसरटपणा महत्त्वाचा. कमी पडलं तर त्यात स्पंज ठेव, जास्त झालं तर वाटी लहान कर. हायग्रोमीटरपेक्षा माझा भरवसा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आहे. अंडं उबत असताना कवचाच्या हजारो बारीक छिद्रांतून पाणी उडून जातं आणि ते जायलाच हवं. अठराव्या दिवसापर्यंत वजनात अकरा ते तेरा टक्के घट व्हावी. म्हणजे आपल्या गावरान कोंबडीचं पन्नास ग्रॅमचं अंडं चव्वेचाळीसच्या आसपास यावं. घट कमी झाली तर बोथट टोकाशी हवेची पोकळी लहान राहते, आणि शेवटच्या दिवशी ज्या हवेवर पिल्लू पहिला श्वास घेणार ती पुरत नाही. कोकणात पावसाळ्यात अंडी खोक्यात उबवणाऱ्यांची पिल्लं पूर्ण वाढून आतच मरतात, ती बहुतेक याच कारणाने.

आणि भोकं बुजवू नकोस. ऊब टिकावी म्हणून लोक थर्माकोलची सगळी छिद्रं चिकटपट्टीने बंद करतात. साठ ग्रॅमचं एक अंडं एकवीस दिवसांत सुमारे सहा लिटर ऑक्सिजन आत घेतं आणि साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतं. बारा अंडी म्हणजे बारा श्वास घेणारे जीव कोंडलेत, हे ध्यानात ठेव. खाली दोन आणि वर दोन भोकं राहू देत.

अंडी दुकानातली चालणार नाहीत. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो. माझ्याकडची देते. नवरात्रात दादा येईल त्याच्या हाती पाठवीन, आठवड्याच्या आतली, बेढब नाहीत अशी निवडून. धुवायची नाहीत. अंड्यावर निसर्गाचा पातळ लेप असतो, तोच जंतू आत जाऊ देत नाही. प्रवासाने हललेली अंडी पोचल्याबरोबर खोक्यात घालू नका, निमुळतं टोक खाली करून एक रात्र निवांत ठेवा. फळली आहेत का हे पाहायचं तर त्यांतली दोन फोडून पोळा कर. बलकावरचा पांढरा ठिपका नुसता टिंबासारखा असेल तर कोरं. ठिपक्याभोवती कडं दिसलं तर माझा कोंबडा कामसू आहे असं समज.

उलटवायचं काम पोरीला दे. मऊ पेन्सिलीने अंड्याच्या एका अंगाला फुली, दुसऱ्याला गोळा. सकाळी शाळेत जाताना, आल्यावर, आणि झोपताना, असं दिवसातून तीनदा. विषम वेळा अशासाठी की रात्रीचा लांब काळ दर वेळी एकाच अंगावर जाऊ नये. न उलटवलं तर कोवळा गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. कोंबडी हे चोचीने दिवस-रात्र कितीतरी वेळा करते, कुणी न शिकवता. हात धुऊन मगच अंड्यांना लावायचे, हे मात्र पोरीला शिकवावं लागेल.

सातव्या रात्री दिवे मालवून मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरा. फळलेल्या अंड्यात तांबड्या शिरांचं जाळं आणि मधे काळा ठिपका, नीट पाहिलं तर हलणारा. कोरं अंडं नुसतं पिवळट उजळतं. रक्ताचं गोल कडं दिसलं तर तो जीव सुरू होऊन थांबला. कोरी आणि कड्याची अंडी काढून टाका. आत राहिली तर कुजून फुटतात आणि त्या वासात दिवाळी काढावी लागेल. मी शाळेत शास्त्र शिकवायचे तेव्हा मुलं विचारायची, रोज एक अंडं फोडून पाहूया का. ॲरिस्टॉटलने तसंच पाहिलं होतं, आणि तिसरा दिवस सरल्यावर पांढऱ्यात रक्ताचा थेंब उडताना दिसतो, तेच हृदय, हे लिहूनही ठेवलं. हृदयाची धडधड खरं म्हणजे दुसऱ्याच दिवशी सुरू होते, पण ती पाहायला भिंग लागतं. त्याने फोडून पाहिलं ते तेव्हा ठीक होतं. आता टॉर्च आहे. फोडायचं कारण नाही.

अठराव्या दिवसापासून उलटवणं बंद. वाटी मोठी करायची आणि झाकण लावायचं. खाली वर्तमानपत्र नको. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात ते कायमचे. गोणपाटाचा तुकडा टाक. इथून पुढे तुम्ही सगळे बिघडणार, मला माहीत आहे. विसाव्या दिवशी अंड्यातून चिवचिव ऐकू येईल, कवचाला बारीक तडा जाईल, आणि मग काहीच होणार नाही. सहा तास, बारा तास, कधी त्याहून जास्त. तू नखाने कवच सोलायला जाशील. जाऊ नकोस. त्या थांबलेल्या वेळात पिल्लू आतल्या पडद्यातल्या शिरांमधलं रक्त स्वतःत ओढून घेत असतं आणि उरलेला बलक पोटात घेत असतं. घाईने सोललेलं पिल्लू रक्त सांडून मरतं किंवा बलक पोटाबाहेर लोंबत घेऊन येतं. झाकण उघडलंस की दमटपणा निघून जातो, पडदा वाळतो, आणि बाकीची पिल्लं त्यात आवळली जातात. काचेतून बघा. काच त्यासाठीच आहे.

बारापैकी सात-आठ निघाली तरी घरगुती खोक्याला चांगलं म्हणायचं.

आता दुसरी गोष्ट. सात-आठ पिल्लं निघाली तर त्यांतली निम्मी कोंबडे असणार. त्यांचं तू काय करणार आहेस?

हे तू विचारलं नाहीस. कुणीच विचारत नाही. पिल्लं म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे पिवळा कापूस येतो, पुढे तो आरवतो हे येत नाही. गावरान पिल्लात नर-मादी पहिल्या दिवशी ओळखू येत नाही. जपानमध्ये सुमारे शंभर वर्षांपूर्वी दिवसाच्या पिल्लाची शेपटीखालची जागा दाबून ओळखण्याची पद्धत निघाली, तिचे जाणकार पुढे जगभर गेले, पण ते आपल्या घरात बसायचं काम नाही. पाच-सहा आठवडे झाले, तुरा लाल व्हायला लागला, की कळतं. तोवर पोरीने सगळ्यांची नावं ठेवलेली असतात. चौथ्या महिन्यात तुमच्या सोसायटीत पहाटे चार वाजता तिघं-चौघं एकदम बांग देतील आणि सेक्रेटरी दारात उभे राहतील.

मोठ्या हॅचऱ्या हा प्रश्न कसा सोडवतात हे तुला ठाऊक असेल. अंड्यांच्या जातीचे नर ना अंडी देतात ना धड मांस धरतात, म्हणून ते पहिल्याच दिवशी मारतात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली, आणि आता तिथे अंड्यात असतानाच नर-मादी ओळखून नराची अंडी बाजूला काढतात. आपल्याकडे तशी बंदी नाही. मी हे तुला टोचण्यासाठी सांगत नाही. नाश्त्याचं ऑम्लेट मीही खाते. पण खोका बनवणारा माणूस छोटी का होईना हॅचरीच चालवतो, आणि हॅचरीचा प्रश्न त्याच्याही दारात येतो.

खरं म्हणजे या यंत्राची गरजच कुठून आली, ते बघ. गावरान कोंबडी डझनभर, फार तर पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग एकवीस दिवस अंड्यांवर आणि पुढे दोनेक महिने पिल्लांमागे, तोवर अंडं नाही. अंडी विकणाऱ्याला हा तोटा. म्हणून पिढ्यानपिढ्या न बसणाऱ्या कोंबड्या निवडत गेले, आणि लेगहॉर्नसारख्या जाती तयार झाल्या. वर्षाला तीनशे अंडी, पण त्यांवर बसायचं असतं हे तिच्या गावीही नाही. आई होणं कोंबडीतून काढून यंत्रात घातलं. तुझ्या खोक्याचे वाडवडील ते. माझ्या अंगणात मात्र ते अजून कोंबडीतच आहे, आणि तुझी अडचण त्यानेच सुटते.

मी असं करते. दसऱ्याच्या सुमारास माझी एक तरी कोंबडी खुडूक होईल, ऑक्टोबरात होतेच. तिच्याखाली प्लास्टरची खोटी अंडी ठेवून तिला तुमच्याबरोबरच बसवून ठेवते. पाडव्याला पिल्लं निघाली की रात्रभर खोक्यातच वाळू देत. खायला-प्यायला काही देऊ नका. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात. भाऊबीजेला पहाटे दादाच्या गाडीत पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून आणा, तळाशी कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवून. कुंभार्ली घाटात वारा लागू देऊ नका. रात्री अंधारात मी खोटी अंडी काढून पिल्लं तिच्या पंखाखाली सारते. तीन आठवडे बसलेल्या कोंबडीला रात्रीतून पिल्लं मिळाली की ती सकाळी हिशेब विचारत नाही. दाणा कसा टिपायचा, घार आली की कुठे दडायचं, हे ती शिकवेल, बल्ब शिकवणार नाही. राणीखेत रोगाच्या लशीच्या बाटलीत शेकडो पिल्लांची मात्रा असते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. इथे वाडीतल्या सगळ्यांची पिल्लं मिळून आम्ही ती आणतो. तू आठ पिल्लांसाठी कुठे फिरशील?

यात एक अट आहे आणि ती पोरीला आवडणार नाही. निघाल्यावर पिल्लांना दिवसभर मांडीवर घेऊन बसायचं नाही. पहिल्या दीड-दोन दिवसांत पिल्लू ज्याला पाहील, ज्याचा आवाज ऐकेल, त्याच्या मागे लागतं. तिच्या मागे लागलं तर कोंबडीच्या हाकेला ओ देणार नाही. एकदा हातात घेऊन बघू दे, मग परत ठेवा.

आणि कोंबडे. इथे आरवलेलं कुणाला खटकत नाही, पण एका अंगणात पाच कोंबडे नांदत नाहीत. एकमेकांना रक्तबंबाळ करतात आणि तलंगांना जगू देत नाहीत. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. माझा आताचा म्हातारा झालाय, तेव्हा तुमच्यातला सर्वांत दांडगा मी ठेवीन. बाकीचे पुढच्या मेपर्यंत सहा महिन्यांचे होतील. एक देवाच्या राखणेला जाईल, एक-दोन वड्यांबरोबर. आणि मेमध्ये तुम्ही सगळे इथेच असणार आहात, ताटावर.

हे पोरीला मी सांगणार नाही, तू सांग. आणि दसऱ्याच्या आधी सांग, अंडी खोक्यात जायच्या आधी. दहा-अकरा वर्षांच्या पोरीला हे कळत नाही असं नाही. आपण मागाहून सांगितलं हे तिला जास्त कळतं. ती रडेल, भांडेल, कदाचित महिनाभर कोंबडी खाणार नाही, कदाचित कायमची सोडेल. तो तिचा निर्णय, त्यात तू पडू नकोस. ती म्हणाली की चालेल, तर मी अंडी पाठवते. नको म्हणाली तर अंडी ठेवायची नाहीत, आणि खोका भाऊबीजेला माझ्याकडे आण. थर्मोस्टॅटसकट. इथे थंडीत दही लागत नाही.

वहिनीला नमस्कार सांग. आंब्याची पेटी पुढच्या आठवड्यात पाठवते, पिकत घालायची आहे, लगेच उघडू नका.

तुझी,
आत्या